पानाची खालची बाजू

(नाशिक येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. रोगट पान घेऊन कोणी प्रयोगशाळेत आले की सर आधी विचारायचे : पान कुठल्या गावचे, वेलाच्या कुठल्या बाजूचे, आणि गेल्या आठवड्यात पाऊस होता की नुसते ढग? ही उत्तरे मिळाल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाकडे वळत नसत. आज मी पिकांचे रोग, बुरशी आणि अळंबी यांवर बोलणार आहे. त्यातही आपल्या भागात या विषयांवर एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी जे संशोधन होते, त्यावर. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. नाशिक जिल्हा बुरशीनाशकांवर अफाट पैसा खर्च करतो, पण ज्या जिवांविरुद्ध तो खर्च होतो त्यांची आपल्या हवेतली, आपल्या मातीतली ओळख आपल्याकडे फार थोडी आहे. ती ओळख करून द्यायचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे. ते त्यांच्याकडून करून घेण्यात आपण सगळेच कमी पडलो आहोत.

सुरुवात अर्थातच द्राक्षापासून. ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ मध्ये द्राक्षे लावली आणि तिथून या जिल्ह्यातली द्राक्षशेती सुरू झाली, असे मानले जाते. आपण लावतो ती थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही सगळी व्हिटिस व्हिनिफेरा या जातीची द्राक्षे. ही जात मूळची युरोप आणि पश्चिम आशियाकडची. आणि डावणी, म्हणजे केवडा, हा रोग मूळचा अमेरिकेचा. हजारो वर्षे या दोघांची गाठच पडली नव्हती. अमेरिकेतल्या रानद्राक्षांना या रोगाची सवय होती, त्यांनी प्रतिकार कमावला होता. व्हिनिफेराला तशी संधीच मिळाली नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागा मुळांवरच्या फायलोक्झेरा किडीने उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा कीड सोसणारे अमेरिकी खुंट जहाजांनी आणले गेले. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये डावणी दिसली. कीड आवरायला जे खुंट आणले, त्यांच्याच सोबतीने ती आली, असे आज अभ्यासक मानतात. आपल्या बागेतला डॉगरीज खुंटही मूळ अमेरिकी कुळातलाच. या इतिहासाचा बागेतल्या कामाशी थेट संबंध आहे : आपण जिची लागवड करतो त्या वेलीला या रोगाविरुद्ध स्वतःचे बळ जवळजवळ नाही. सगळा भार माणसाच्या कामावर आहे.

आता तो जीव कसा जगतो ते पाहा. गळून पडलेल्या रोगट पानांत त्याचे जाड कवचाचे बीजाणू मातीत पडून राहतात. पाऊस झाला, माती भिजली की ते जागे होतात आणि थेंबांच्या उडण्याबरोबर खालच्या पानांवर पोचतात. पुढचा भाग मला आजही विलक्षण वाटतो. पानावर पाण्याचा पातळ थर असेल तर त्या बीजाणूंच्या पिशवीतून शेपटीवाले सूक्ष्म जीव बाहेर पडतात आणि अक्षरशः पोहतात. पोहत पोहत ते पानाच्या रंध्रापाशी जातात, तिथे स्थिर होतात आणि आत शिरतात. द्राक्षाच्या पानाची रंध्रे खालच्या बाजूला असतात. म्हणून वरच्या बाजूला तेलकट डाग दिसतो, पण पांढरी वाढ खाली असते. ती वाढ रात्रीच्या अंधारात, हवा जवळजवळ पाण्याने भरलेली असताना तयार होते आणि सकाळी वाऱ्याबरोबर निघते. वरून मारलेला फवारा खालच्या बाजूला पोचला नाही तर औषध कितीही महाग असो, ते चुकीच्या जागी पडलेले असते.

द्राक्षावरचा दुसरा मोठा रोग भुरी, तिचे गणित याच्या उलट. तिला पानावर साचलेले पाणी नको असते. मोकळ्या पाण्यात तिचे बीजाणू खराबच होतात. दमट हवा, ढगाळ वातावरण आणि सौम्य तापमान एवढे तिला पुरते. म्हणून गोडी छाटणीनंतर पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत पाऊस आला की बागायतदार डावणीच्या धास्तीत असतो, आणि पुढे पाऊस नसताना, घड भरत असताना भुरी येते. शिवाय दोघींची जातकुळीही वेगळी आहे. भुरी खरी बुरशी. डावणी दिसायला बुरशीसारखी असली तरी शास्त्राने तिला बुरशींच्या कुळातून केव्हाच बाहेर काढले आहे. ती समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळची. खऱ्या बुरशीच्या पेशीत अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो आणि हेक्झाकोनॅझोलसारखी औषधे तोच तयार होऊ देत नाहीत. डावणीचा जीव हा पदार्थ बनवतच नाही. त्यामुळे भुरीवर चालणारे हे औषध डावणीवर मारणे म्हणजे पैसे मातीत घालणे. वर्गीकरण हा पुस्तकी विषय आहे असे ज्या विद्यार्थ्यांना वाटते, त्यांनी ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

या रोगावरचा पहिला उपाय कसा सापडला, तेही इथे सांगायला हवे. बोर्दो शहराच्या विद्यापीठात पिएर मिलार्दे हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ च्या शरद ऋतूत ते मेदोक भागातल्या एका बागेजवळून जात होते. सगळीकडे पाने गळालेली. पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. जवळ गेले तर पानांवर निळसर पांढरा थर. चौकशी केली तेव्हा कळले की येणारे-जाणारे द्राक्षे तोडतात म्हणून मालकाची माणसे कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडतात, म्हणजे ती विषारी वाटावीत. चोरांसाठी केलेला तो उपाय होता. मिलार्दे यांनी त्यावर थांबून समाधान मानले नाही. उलिस गायों या रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी प्रमाणे बदलून पाहिली, बागेच्या व्यवस्थापकाच्या मदतीने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण आजही पिंपळगावच्या बागेत बनते. मोरचुदाचे द्रावण जास्त झाले तर पाने करपतात म्हणून त्यात लोखंडी खिळा किंवा पाते बुडवून बघायचे, त्यावर तांब्याचा थर चढला तर आणखी चुना घालायचा, ही चाचणी आपल्या गड्यालाही माहीत असते. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, डावणीला तांबे पचवता आलेले नाही. विद्यार्थ्यांना मी ही कथा मुद्दाम सांगतो, कारण त्यात संशोधनाची तिन्ही अंगे आहेत. रस्त्याकडेच्या ओळी वेगळ्या आहेत हे एका माणसाने पाहिले. बागवाल्याने आपण काय शिंपडले ते खरे सांगितले. आणि मग तीन वर्षे मोजमाप झाले.

महाराष्ट्रात असे काम झाले नाही असे मात्र कोणी समजू नये. १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा येथे कृषी संशोधन संस्था उभी राहिली आणि एडविन बटलर यांनी भारतातल्या पिकांच्या बुरशीजन्य रोगांच्या अभ्यासाचा पाया घातला. त्याच काळात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जी. एस. कुलकर्णी ज्वारीच्या काणीवर काम करत होते. मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काणीवरची त्यांची पुस्तिका १९१८ मध्ये पुसाने प्रसिद्ध केली. दाण्यावरची काणी बियाण्याबरोबर शेतात जाते, हे नेमके कळल्यामुळे गंधकाची भुकटी बियाण्याला चोळून पेरा, एवढा सोपा आणि स्वस्त सल्ला देता आला. ज्वारीच्या कणसात काळी भुकटी पाहिलेली पिढी इथे बसली आहे. ती आज क्वचित का दिसते, त्याचे उत्तर या कामात आहे. पुढे एम. एन. कामत आले, मकनजी पटेल यांनी पिकांच्या जिवाणूजन्य रोगांचा अभ्यास पुण्यातून देशाला शिकवला. बी. बी. मुंडकूर यांनी १९४७ मध्ये भारतीय वनस्पतिरोगशास्त्र संस्था स्थापन केली आणि १९४९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी भारतीय उदाहरणांनी भरलेले पाठ्यपुस्तक दिले. मालवणला जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू केली. ती आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे एस. एल. आजरेकर यांच्या नावाने वाळवलेल्या बुरशींचा संग्रह आहे, आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ऑरिओफंगिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक मिळवले आणि ते बागांत वापरलेही गेले. माणसांच्या औषधांचा सरकारी कारखाना आणि द्राक्षाची बाग यांचे नाते त्या लोकांनी साठ वर्षांपूर्वी जोडले होते.

आणि आपल्या दाराशी कुंदेवाडी आहे. निफाडजवळच्या तिथल्या गहू संशोधन केंद्राने तांबेऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात आणि या भागात खोडावरच्या तांबेऱ्याने गव्हाची वाताहत केली होती. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी आयुष्य खर्चून दाखवून दिले की उन्हाळ्यात सपाट प्रदेशात तांबेरा उन्हाने मरतो, तो तगतो नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर, आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला वाऱ्यावर बसून उत्तरेला येतो. हे कळले म्हणून गव्हाच्या जाती निवडताना दक्षिणेकडून कुठला तांबेरा येणार आहे ते पाहून निवडता आल्या. एनआय ५४३९, मग त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान अशा जाती कुंदेवाडीहून शेतात गेल्या. त्र्यंबक आणि तपोवन ही नावे ऐकून नाशिककराला बरे वाटते. त्या नावांमागे दरवर्षी तांबेरा मुद्दाम लावून, रोपे मोजून, नोंदी ठेवणाऱ्या माणसांचे कष्ट आहेत, हेही आठवावे.

मग आजच्या पदव्युत्तर संशोधनाबद्दल माझी तक्रार काय आहे? परीक्षक म्हणून आणि मार्गदर्शक म्हणून मी अनेक प्रबंध वाचले. त्यांचा साचा ठरून गेला आहे. तालुक्याची पाहणी करायची, रोगट भागातून बुरशी वेगळी करायची, काचेच्या ताटलीत आगरवर वाढवायची. मग त्या आगरमध्ये सात-आठ बुरशीनाशके मिसळून कुठल्याने वाढ किती टक्के थांबली ते मोजायचे, शेजारी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वाढवून तिने किती जागा व्यापली ते मोजायचे, आणि तक्ते लावायचे. पद्धत खोटी नाही. शिकण्यासाठी ती आवश्यकच आहे. पण ताटलीत ऊन नाही, दव नाही, पानाचे मेण नाही. ताटलीत जे औषध शंभर टक्के काम करते ते वेलीवर करेलच असे नाही.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. नाशिकचे दोन मुख्य शत्रू, डावणी आणि भुरी, आगरवर वाढतच नाहीत. दोघांनाही जिवंत हिरवी पेशी लागते. पान मेले की त्यांची वाढ थांबते. त्यामुळे ज्याला दोन वर्षांत प्रबंध पुरा करायचा आहे तो विद्यार्थी, आणि त्याचा मार्गदर्शकही, ताटलीत सहज वाढणाऱ्या अल्टरनेरिया, फ्युझेरियम, कोलेटोट्रायकम यांच्याकडे वळतो. कांद्यावरचा जांभळा करपा, टोमॅटोचा करपा, मर रोग हे विषय महत्त्वाचे आहेतच. लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजाराचे पोट या पिकांवर आहे. पण प्रबंधांची संख्या आणि बागेतले नुकसान यांचा मेळ बसत नाही. संशोधन जिथे सोपे, तिथे गर्दी झाली; जिथे गरज, तिथे ओस.

वास्तविक डावणीवर काम करायला फार खर्चिक यंत्रे लागत नाहीत. निरोगी पानाच्या रुपयाएवढ्या चकत्या कापायच्या, ओल्या कागदावर खालची बाजू वर करून ठेवायच्या, त्यांवर बागेतून आणलेल्या बीजाणूंचे पाणी सोडायचे, आणि आठवडाभर त्यांना थंड, दमट ठेवायचे. काही चकत्यांवर आधी औषध, काहींवर नुसते पाणी. औषध असूनही पांढरी वाढ झाली तर त्या बागेतली डावणी त्या औषधाला सरावली आहे. स्ट्रोबिल्युरिन गटातल्या औषधांबाबत हे आपल्याकडे घडलेले आहे. ही औषधे त्या जिवाच्या पेशीतल्या ऊर्जानिर्मितीची एकच कडी अडवतात. एका जनुकात एका जागी बदल झाला की ती कडी औषधाला दाद देत नाही. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी भारतीय बागांतल्या डावणीत हा बदल शोधून दाखवला. बागेत मात्र काय घडते? फवारा मारूनही डाग थांबत नाहीत, बागायतदाराला माल बनावट असल्याचा संशय येतो, तो दुकान बदलतो आणि त्याच गटातले दुसऱ्या नावाचे औषध घेऊन येतो. दर तालुक्यातून दरवर्षी पाने गोळा करून ही चकत्यांची चाचणी कोणी केली, तर छाटणीआधी बागायतदाराला सांगता येईल की तुमच्या भागात यंदा अमुक गट चालणार नाही. नाशिकच्या केटीएचएम आणि एचपीटी-आरवायके महाविद्यालयांचे, क. का. वाघ कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी हे करू शकतात. सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी एवढेच भांडवल लागते.

हवामानाच्या अंदाजाचेही असेच आहे. इटलीत बाल्दाच्ची यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर एक ठोकताळा दिला : तापमान दहा अंश, फूट दहा सेंटिमीटर आणि एक-दोन दिवसांत दहा मिलिमीटर पाऊस, की पहिली डावणी येणार असे समजा. तिथल्या वसंतात हा नियम उपयोगी पडला, कारण तिथे थंडी ओसरण्याची वाट पाहावी लागते. आपली गोडी छाटणी ऑक्टोबरात. तेव्हा दहा अंशांची अट रोजच पुरी होते. निफाडचा पारा घसरतो तो नंतर. मग आपल्यासाठी निर्णायक गोष्ट कोणती? पान किती तास ओले राहिले ती? रात्रीचे दव? मांडवाखाली साचलेली दमट हवा? नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या पावसाने ऐन फुलोऱ्यात बागा सापडल्या आणि डावणीने घडच्या घड गेले. त्या आठवड्यात कोणत्या बागा वाचल्या आणि का वाचल्या, याच्या तपशीलवार नोंदी आज आपल्यापाशी असत्या तर पुढच्या प्रत्येक अवकाळीत त्या उपयोगी पडल्या असत्या. त्याच हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले आणि निर्यात अडली. तो पदार्थ तोवर आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हता. बाहेरच्यांनी आपल्याला आपल्या मालाबद्दल सांगावे, ही वेळ येते तेव्हा घरचा अभ्यास अपुरा आहे हे मान्य करायला हवे.

जिल्ह्याच्या कसमादे पट्ट्यातल्या डाळिंबवाल्यांनी याहून कडू घोट घेतला. तेल्या हा जिवाणूंचा रोग. तांब्याची औषधे सोडली तर जिवाणूवर बुरशीनाशक चालत नाही. तरीही सुरुवातीच्या वर्षांत बुरशीनाशकांचे डबेच्या डबे रिकामे झाले, बागा उपटल्या गेल्या. रोगाचे निदान आधी आणि औषध नंतर, हा क्रम डॉक्टरकडे आपण पाळतो. बागेत का पाळत नाही?

आता बुरशीच्या दुसऱ्या रूपाकडे येतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या पट्ट्यात पहिल्या पावसांनंतर वारुळांवर अळंब्या उगवतात आणि आदिवासी बायका त्या ओळखून आणतात. ही अळंबी वाळवीने पोसलेली असते : वाळवी लाकूड-पाचोळा चावून आपल्या वारुळात या बुरशीची शेती करते आणि त्यावरच जगते. कुठली खायची आणि कुठली नाही, हे ज्ञान त्या बायकांकडे पिढीजात आहे आणि ते नोंदवून घेणे हा उत्तम प्रबंधाचा विषय आहे. मात्र इथे एक इशारा द्यायलाच हवा. चांदीचा चमचा काळा पडतो का, किडे खातात का, हळद लावून रंग बदलतो का, असल्या कुठल्याही घरगुती कसोटीने विषारी अळंबी ओळखता येत नाही. अमॅनिटा कुळातल्या काही अळंब्या यकृत निकामी करतात आणि लक्षणे दिसेपर्यंत बरेच तास गेलेले असतात. ओळखणाऱ्याने आणलेली तेवढीच खावी.

लागवडीसाठी आपल्या हवेला मानवते ती धिंगरी. बटण अळंबीला कुजवलेले कंपोस्ट आणि सोळा-अठरा अंशांची थंडी लागते, म्हणजे यंत्रे आणि वीज आली. धिंगरी वीस ते अठ्ठावीस अंशांत, गव्हाच्या काडावर, भाताच्या पेंढ्यावर, सोयाबीनच्या भुशावर आनंदाने येते. काड भिजवायचे, गरम पाण्यातून काढायचे, निथळायचे, गहू-ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेले बियाणे थराथराने पिशवीत भरायचे, अंधाऱ्या खोलीत पांढरी जाळी पसरू द्यायची, मग पिशवी फाडून ओलावा सांभाळायचा. साधारण तीन आठवड्यांत पहिली तोडणी मिळते. कोरड्या एक किलो काडापासून सहाशे-आठशे ग्रॅम ताजी अळंबी निघणे हे समाधानकारक उत्पन्न. उरलेले काड खत म्हणून वावरात जाते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीच्या अखिल भारतीय प्रकल्पाचे केंद्र आहे, देशाचे मुख्य केंद्र हिमाचलात सोलनला आहे. शिकायला जागा आहेत. धिंगरीच्या खोलीत काम करणाऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, तोंडाला फडके बांधावे. तिचे बीजाणू हवेत ढगासारखे पसरतात आणि सततच्या संपर्काने दम लागतो. प्रशिक्षणात नफ्याचा हिशेब शिकवतात, हे क्वचित शिकवतात.

आणि या खोलीत आपला जुना ओळखीचा पुन्हा भेटतो : ट्रायकोडर्मा. बागेत आपण त्याला मित्र म्हणतो. मुळाशी मर आणणाऱ्या बुरशींना तो गुंडाळतो, खातो, त्यांची जागा बळकावतो. मांजरीच्या केंद्रानेही द्राक्षासाठी ट्रायकोडर्माचे उत्पादन विकसित केले आहे. तोच ट्रायकोडर्मा अळंबीच्या पिशवीत शिरला की हिरवी बुरशी म्हणून सगळे पीक खाऊन टाकतो. त्याचे कामच दुसऱ्या बुरशीला खायचे, अळंबीही बुरशीच. १९८० च्या दशकात आयर्लंडपासून सुरू झालेल्या हिरव्या बुरशीच्या साथीने युरोप-अमेरिकेतले अळंबी कारखाने हादरले. त्यामागे ट्रायकोडर्माची एक वेगळी, आक्रमक जात होती, आणि तिला स्वतंत्र नाव मिळायला २००२ साल उजाडले. तोवर तिच्या नावावर दुसऱ्या, निरुपद्रवी भावंडाची पाटी होती. म्हणून एकाच अंगणात ट्रायकोडर्माची पिंपे आणि अळंबीचे शेड ठेवू नका, हा सल्ला देतो. आणि विद्यार्थ्यांना सांगतो की प्रबंधात नुसते ट्रायकोडर्मा लिहून भागत नाही. कुठली जात, कुठल्या मातीतली, कुठल्या संग्रहात ठेवली, हे आले पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहात कल्चर जमा केले नाही तर विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो आणि त्याची बुरशी फ्रीजमध्ये सुकून मरते. पुढच्या विद्यार्थ्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आशेची बाजूही आहे. आघारकर संस्थेने अमेरिकी कटावबा आणि आपल्या परिचयाचे ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ ही रसाची जात तयार केली. ती लवकर पिकते आणि बुरशीजन्य रोगांना चांगले तोंड देते. अमेरिकी कुळातला प्रतिकार आणि व्हिनिफेराची गोडी एका वेलीत आणायला वर्षानुवर्षे लागतात, आणि त्या कामाला रोगाची अचूक पारख करणारी माणसे लागतात. ती माणसे आपल्या महाविद्यालयांतूनच येणार आहेत.

काही गोष्टी उद्यापासून होऊ शकतात. प्रबंध आता शोधगंगा आणि कृषिकोश या संकेतस्थळांवर खुले आहेत, पण ते इंग्रजीत आहेत. विद्यापीठांनी प्रत्येक प्रबंधाला दहा पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा करावा, आणि तो तालुक्याच्या बागायतदारांपुढे वाचून दाखवल्याशिवाय मौखिक परीक्षा पुरी झाली असे मानू नये. विषय निवडताना मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला आधी एक पूर्ण हंगाम बागेत पाठवावे. आणि ज्याने डावणीसारखा अवघड विषय घेतला त्याला दोन वर्षांत निष्कर्ष कमी आले म्हणून गुण कमी देऊ नयेत.

बागायतदारांना माझी एक विनंती आहे. २००६ पासून निर्यातीच्या ग्रेपनेट नोंदणीसाठी तुम्ही फवारणीची वही ठेवता : तारीख, औषध, प्रमाण, पाऊस. ही वही तुम्ही तपासनिसाला दाखवता आणि हंगाम संपला की कपाटात टाकता. जिल्ह्यातल्या हजारो बागांच्या अशा वह्या एकत्र वाचता आल्या तर डावणीबद्दल जे कळेल ते जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत कळणार नाही. येत्या ऑक्टोबरात गोडी छाटणी कराल तेव्हा जवळच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याला बागेत बोलवा, त्याला पाने तोडू द्या, आणि ती वही त्याच्या हातात द्या. त्यात जे चुकले असेल तेही खोडू नका.